श्टुटगार्टला निघालेल्या भाचीस



श्टुटगार्ट विद्यापीठात यांत्रिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास तुला प्रवेश मिळाला आणि व्हिसाही हाती आला, हे तुझ्या आईकडून समजले. अभिनंदन तू एव्हाना पुष्कळ ऐकले असशील. त्यात भर घालण्यापेक्षा ज्या एका गोष्टीची मला काळजी वाटते तिच्याविषयी लिहावे असे ठरविले. ती काळजी थंडीची नव्हे, जेवणाखाण्याची नव्हे, आणि परमुलखात एकट्या मुलीने कसे राहावे ही जी आपल्या आप्तेष्टांची ठेवणीतली चिंता, तिची तर मुळीच नव्हे. काळजी आहे ती तुझ्या कर्जाची. पण ते फिटेल की नाही, अशी नव्हे. तुझ्या वडिलांनी राहते घर तारण ठेवले आहे आणि करारावर जामीनदार म्हणून माझी सही आहे, तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो असे समज.

कर्ज काढून शिकावयास जाणारा विद्यार्थी नकळत हिशेबनीस होतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. परंतु तुझे श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात आहे तेथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्रास १,५०० युरो घेतले जातात. शिवाय वर्षभराच्या निर्वाहापोटी ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात भरून ठेवावे लागले, ज्यातून महिन्याला ९९२ युरोच तुझ्या हाती पडतील. हे सारे आकडे तुला माझ्यापेक्षा अधिक पाठ आहेत. भय आहे ते याचे की, पावाच्या तुकड्यापासून ट्रामच्या तिकिटापर्यंत प्रत्येक वस्तूचे रुपये करण्याची जी सवय पहिल्या आठवड्यात लागते, ती पुढे ग्रंथालयातही सुटत नाही. मग कोणता विषय घ्यावा, याचे उत्तर ‘ज्यात मार्क सहज पडतील तो’ असे येते. प्रबंध कोणाकडे करावा, याचे उत्तर ‘जो लवकर मोकळे करील त्याच्याकडे’ असे येते. घर गहाण पडले ते कागदोपत्री आणि मुदतीने; बुद्धी गहाण पडली तर तिचा दस्तऐवज कोठेच नसतो आणि म्हणून ती सोडविण्याची आठवणही कोणी करून देत नाही.

या संदर्भात मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण मला पुनःपुन्हा आठवते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या, त्याही जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर. आणि स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेले त्यांचे सासरे, महर्षी कर्वे, यांची या प्रवासास अनुकूलता नव्हती, हा विरोधाभासही नोंदवून ठेवण्याजोगा आहे. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक, ज्यांच्या वंशविषयक विचारांचा आधार पुढे नाझी राजवटीने घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता युरोपीय वंशात अधिक असते आणि तिचा बौद्धिक श्रेष्ठत्वाशी संबंध असतो, हे गुरूचे गृहीतक. शिष्येने कवट्या मोजावयाच्या आणि ते सिद्ध करावयाचे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, आणि असमानतेचा वंशाशी काहीही संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. परकी, कर्जबाजारी, आणि जिची पदवी त्याच गुरूच्या मर्जीवर अवलंबून, अशा तरुण स्त्रीने हे केले. पदवी मिळाली. तुझ्या वाट्याला फिशर येणार नाही. परंतु एखाद्या प्रयोगातील आकडे प्राध्यापकांच्या अपेक्षेशी जुळणार नाहीत असा दिवस खात्रीने येईल, आणि त्या दिवशी हप्त्याची आठवण होऊन आकड्यांना हात लावण्याचा मोह पडला, तर बर्लिनची ती मोजणी आठव.

आता व्यवहाराचे थोडेसे. तेथे व्याख्यानांना बहुधा हजेरी नसते, आणि आपल्याकडे वर्गात मागे लागणारा शिक्षक तेथे सापडणार नाही. परीक्षेस बसण्यासाठीही मुदतीत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती राहिली तर विद्यापीठ तुझी विचारपूस करणार नाही. गुणांची रीत उलटी आहे, १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची कड. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्या असतात, आणि शेवटची संधी वाया गेली तर तोच अभ्यासक्रम त्या देशात दुसरीकडे पुरा करण्याची वाटही बहुधा बंद होते. पदवीसाठी १२० क्रेडिट, आणि एका क्रेडिटामागे सुमारे ३० तासांचे श्रम अशी तेथली गणना. म्हणजे हे काम ३,६०० तासांचे आहे, आणि त्यातले बरेचसे एकटीने, टेबलाशी बसून करावयाचे आहे.

नोकरीबद्दलही तू विचारले होतेस. कायद्याने वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. तेवढे काम मिळते म्हणून तेवढे करावेच, असे नाही. गोदामात रात्रपाळी करून सकाळी व्याख्यानात पेंगणारी मुले कष्टाळू असतात हे मी मान्य करतो, शहाणी असतात हे मान्य करीत नाही. त्यापेक्षा एखाद्या प्राध्यापकाच्या संस्थेत विद्यार्थी-साहाय्यक म्हणून काम मिळते का पाहा. पैसे कमी मिळाले तरी हरकत नाही. प्रयोगशाळेतील माणसे कशी विचार करतात, कशी भांडतात आणि भांडून झाल्यावर एकत्र कॉफी कशी पितात, हे तेथेच कळेल. कर्जाची निकड फारच झाली तर मला कळव. जामीनदार केवळ शोभेला नसतो.

आणि भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून जर्मनची दोन पुस्तके मॅक्समुलर भवनात संपवून तू थांबली आहेस, हे मला पसंत नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यास १८ महिने राहता येते. परंतु ज्या शहरात रॉबर्ट बॉशने १८८६ साली आपली कार्यशाळा उघडली, त्या शहरातल्या कारखान्यांत आजही मुख्य संभाषण जर्मनमधूनच चालते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्राध्यापकाच्या विधानास हरकत घ्यावयाची तर ती त्याच्या भाषेत अधिक नेमकी घेता येते. त्या प्रांतातील माणसे स्वेबियन बोली बोलतात, ती तुझ्या पुस्तकातल्या जर्मनसारखी ऐकू येणार नाही, घाबरू नकोस. ‘केअरवोखे’ म्हणून त्यांची एक पद्धत आहे, जिच्यात इमारतीचा जिना झाडण्याची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्याआठवड्याने फिरते. तुझी पाळी चुकवू नकोस. जिना झाडताना शेजारीण जे चार शब्द बोलेल ते कोणत्याही वर्गात शिकवीत नाहीत, आणि आपल्या मराठी मुलामुलींनी एकाच घरात गर्दी करून राहिल्यास ते कधीच कानी पडत नाहीत. आपल्या माणसांचा सहवास गोड असतो, गणेशोत्सवाला अवश्य जमा. पण तेथे जाऊन सबंध दोन वर्षे कोथरूडमध्ये राहण्यासाठी घर गहाण टाकण्याची गरज नव्हती.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद नगर-कचेरीत कर, विम्याचे कागद जवळ ठेव, आणि आईला फोन करीत जा. मला मात्र पत्र लिही. मार्क कळविले नाहीस तरी चालेल. प्राध्यापकांशी पहिला मतभेद कोणत्या मुद्द्यावर झाला आणि तू काय उत्तर दिलेस, ते सविस्तर कळव.

तुझा मामा