मूग, चाळणी आणि ओल

मुरुम-उमरगा पट्ट्यात पावसानं ताण दिला की शेतकरी आधी ढेकूळ फोडून ओल बघतो. मूळ त्या ओलीकडे वळतं कसं, ते मात्र जमिनीखाली दडलेलं असतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस झाक्स यांनी १८७२ साली साध्या चाळणीतून ते दाखवलं. पोरांना सोबत घेऊन हे घरी जरूर करा.

मूग रात्रभर भिजवा, मग ओल्या फडक्यात बांधून बारीक मोड येऊ द्या. सॉ मिलमधला लाकडाचा भुसा धुऊन पिळून घ्या; मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकायला नको. मोड आरपार जाईल एवढ्या भोकांच्या चाळणीत आधी बोटाच्या पेराएवढा थर द्या, त्यावर मूग मांडा आणि वरून आणखी दोन बोटं भुसा पसरा.

आता चाळणी सपाट न टांगता अर्धी तिरकी, साधारण ४५ अंशांत टांगा. सगळं मर्म या तिरकेपणात आहे. भोकातून बाहेर आलेलं मूळ आधी सरळ खाली निघतं, पण त्याची एक बाजू ओल्या भुशाला जवळ आणि दुसरी कोरड्या हवेकडे असते. कोरड्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि टोक वळून पुन्हा भुशाला भिडतं. यालाच शाळेच्या पुस्तकात जलानुवर्तन म्हणतात.

हवा सांभाळा. उन्हाळ्यात टोकं लगेच करपतात. भर पावसात कोंदट खोलीत सगळीकडे सारखीच ओल असल्यानं मुळं सरळ लोंबत राहतात. म्हणून श्रावण-भाद्रपदातली उघडीप साधा, चाळणी सावलीत ठेवा आणि भुसा दिवसातून दोनदा शिंपडा. दोन-चार दिवसांत वळण दिसतं.

यातून एक गोष्ट पक्की कळते: मूळ लांबचं पाणी हुंगत कोरड्या मातीतून जात नाही, त्याला टोकाजवळच्या ओलीतला फरकच कळतो. आंब्याचं रोप वाढलं तरी पाणी बुंध्याशीच ओतत राहिलात, तर मुळंही तिथंच गर्दी करतात. दरवर्षी आळं आणि ठिबकची तोटी फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत सरकवा. पाणी सावकाश द्या. दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून पाहा: ओल असेल तिथवर ती सहज जाते. सळई हातभर खाली गेली नाही, तर पुढच्या पाळीला पाणी जास्त वेळ सोडा.