बटण बंद, दिवा चालू

जुना बल्ब काढून एलईडी लावावा आणि बटण बंद केल्यावरही तो काजव्यासारखा मिणमिणत राहावा, तर पहिला संशय बल्बवरच जातो. साताऱ्याला माझ्या माहेरी माजघरातल्या दिव्याचं असंच झालं. दुकानदाराने कुरकुर न करता बल्ब बदलून दिला, दुसराही तसाच मिणमिणायला लागला. आई म्हणाली, "नंदादीप समज आणि सोड." बल्ब बिचारा निर्दोष होता. घराच्या वायरिंगमधला वर्षानुवर्षांचा दोष त्याने चव्हाट्यावर आणला होता, एवढंच.

दिव्याकडे दोन तारा जातात, फेज आणि न्यूट्रल. बटण फेजच्या वाटेत असायला हवं. म्हणजे बोर्डातून फेज बटणात येते आणि बटणातून पुढे दिव्याकडे जाते. या पुढच्या तारेला आपले वायरमन 'हाफ' म्हणतात. न्यूट्रल थेट दिव्याला मिळतो. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. फेज थेट होल्डरमध्ये आणि बटण न्यूट्रलमध्ये. हे म्हणजे टाकीची चावी उघडी ठेवून मोरीच्या तोंडाला बोळा लावल्यासारखं. दिवा विझतो, पण 230 व्होल्ट होल्डरमध्ये तसेच उभे असतात. साठ वॉटच्या बल्बची तार तापायला बराच प्रवाह लागतो, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. एलईडीला मात्र शेजारून गेलेल्या तारांमुळे किंवा भिंतीतल्या ओलीमुळे झिरपणारा किरकोळ प्रवाहही मिणमिणायला पुरतो.

पण मिणमिणणं हा पक्का पुरावा नव्हे. हाफ वायर फेजला चिकटून लांबवर गेली असेल किंवा बटणातच लाल इंडिकेटर असेल, तर बिनचूक वायरिंगमध्येही असं होतं. खरं काय ते टेस्टर सांगतो. बल्ब काढा, बटण बंद ठेवा आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने टेस्टर लावा. वायरिंग बरोबर असेल तर तो कुठेच नीट पेटत नाही, आणि बटण चालू केल्यावर एकाच टोकाला पेटतो. बटण बंद असो वा चालू, एका टोकाला तो पेटतच असेल तर बटण न्यूट्रलमध्ये आहे असं समजा. हे करताना टेस्टर असा घ्या की टोक सोडून त्याची दांडी आवरणाने झाकलेली असेल. उघड्या दांडीने होल्डरची दोन्ही टोकं एकत्र जोडली गेली तर तिथेच शॉर्टसर्किट होतं. जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात, तिथे दोन्ही बटणांच्या सगळ्या जोड्या करून पाहा.

टेस्टरवर विश्वास ठेवायचा, पण अर्धाच. तो पेटला तर वीज आहे. तो पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं मात्र नाही. रबरी चप्पल घालून लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर त्याचा दिवा अंधूक होतो, आणि भर दुपारी खिडकीशी तो दिसतही नाही. म्हणून आधी चालू प्लगमध्ये घालून तो पेटतो का ते पाहावं, मगच कामाच्या तारेला लावावा. न्यूट्रल शाबूत आहे की तुटलाय, हे तर त्याला कळतच नाही.

पुढचा धक्का मेन स्विचने दिला. होल्डर बदलायचा म्हणून मी मेन खाली ओढला. भरदिवसा घरातले दिवे-पंखे बंदच होते, त्यामुळे सगळं शांत वाटलं. स्टुलावर चढून सवयीने टेस्टर लावला आणि तो लख्ख पेटला. तशीच खाली उतरले आणि आमच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनकाकांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "ताई, इन्व्हर्टर कुठंय?" इन्व्हर्टर जिन्याखाली होता. लोडशेडिंगच्या दिवसांत बसवलेला, आता कुणाच्या ध्यानातही नसलेला. मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेली, आणि तो आपणहून बॅटरीवर वीज द्यायला लागतो. माजघराचा दिवा त्याच्याच लाइनवर होता.

ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करायला हवेत. नुसता इन्व्हर्टर बंद करून भागत नाही, कारण मेन चालू असेल तर बहुतेक इन्व्हर्टर बाहेरची वीज तशीच पुढे सोडतात. दोन्ही बंद केल्यावर पुन्हा टेस्टर लावा. बोर्डाजवळ घरातलं कुणीतरी उभं करा, नाहीतर 'अगंबाई, लाइट गेली वाटतं' म्हणत कुणीतरी मेन वर ओढतं.

काकांनी बटणाचा बोर्ड उघडला तेव्हा आत लाल, काळ्या, पिवळ्या तारांचा गुंता होता. रंगांचा संकेत ठरलेला आहे. फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. उपकरणांच्या नव्या कॉर्डमध्ये फेज तपकिरी आणि न्यूट्रल निळा असतो, म्हणजे निळ्या तारेचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. त्यात वायरमनच्या पिशवीत त्या दिवशी जी तार उरलेली असते, तीच हाफ म्हणून भिंतीत जाते. आमच्याकडे काळ्या तारेत फेज निघाली. रंगाला साक्षीदार माना, पण निकाल टेस्टरचा घ्या.

मग काकांनी टेस्ट लॅम्प काढला. होल्डर, बल्ब आणि दोन लांब तारा. एक तार फेजला, दुसरी न्यूट्रलला, बल्ब झगझगीत पेटला. दुसरी तार हिरव्या तारेला लावली तर बल्बातली तार नुसती लालसर झाली. "अर्थिंग नावाला आहे," काका म्हणाले. न्यूट्रल तुटला की दिवा अर्थिंगवर जोडून चालवायचा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो. अर्थिंग असं कच्चं असेल तर त्या जुगाडाने फ्रिजचा, गिझरचा पत्रा करंट मारू शकतो. ही टेस्ट लॅम्पची परीक्षा मात्र चालू विजेवरची आहे. ती ज्याचं काम त्यालाच करू द्या.

बटण किंवा होल्डर स्वतः बदलायला कायद्याची आडकाठी नाही. 1956 चे भारतीय विद्युत नियम, त्यानंतरचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे विनियम आणि त्यांच्या जागी आलेले 2023 चे विनियम, सगळ्यांनी वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडे सोपवलं आहे. पण वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर दिवे, पंखे, फ्यूज, बटणं बदलण्याची त्यातून सूट आहे. मुद्दा इतकाच की जसं आहे तसं बदलायचं, तर आहे कसं हे आधी कळायला हवं. बटण न्यूट्रलमध्ये सापडलं की ते काम 'बदलण्या'चं राहत नाही, दुरुस्तीचं होतं. तिथे थांबावं. मीटर, मेन बोर्ड, अर्थिंग आणि थ्री फेज यांनाही हात लावू नये.

एवढ्यावरही बटण तुम्हीच बदलणार असाल, तर वीज बंद आहे याची खात्री झाल्यावर पहिलं काम मोबाइलवर फोटो काढायचं. मग प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून ती कुठून आली ते लिहा. एका बटणातून दुसऱ्यात फेजचं लूप गेलेलं असतं. ते सुटलं तर पुढची बटणं मरतात, आणि मग दोष नव्या बटणाच्या माथी येतो. दिव्या-पंख्याला 6 अँपिअरचं बटण पुरतं, गिझरला ते चालत नाही. जुन्या घरात तार ॲल्युमिनियमची असू शकते. ती दोन-तीनदा वाकवली की काडीसारखी तुटते आणि भिंतीत बोटभर शेपूट उरतं. ती तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडू नका. तो सांधा गंजतो, तापतो.

काकांनी बटण फेजमध्ये आणलं, अर्थिंग नव्याने केलं आणि मेनपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. विजेची गळती झाली की तो लाइन तोडतो. मात्र एक हात फेजवर आणि दुसरा न्यूट्रलवर पडला, तर त्याला ती गळती वाटत नाही. त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून तो खाली पडतो का ते पाहा. कुणाला शॉक लागलाच तर त्या माणसाला आधी हात लावू नका. मेन आणि इन्व्हर्टर बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून सोडवा आणि 108 ला फोन करा.

कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा आणि इन्व्हर्टरवर कोणते दिवे, हे एका कागदावर लिहून मेन बोर्डाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी स्टुलावर चढणारा माणूस दुसराच असेल, आणि त्याला तुमच्या घराची कुंडली ठाऊक नसेल.