गोळी, ऊन आणि हातावरचे फोड

प्रश्न : माझे वय ५२. संधिवातासाठी नॅप्रोक्सेन आणि मेथोट्रेक्सेट सुरू आहे. उन्हाळ्यापासून पंजांच्या मागच्या बाजूला पाण्याचे फोड येतात. भांड्याची कड लागली तरी साल निघते. शेजारच्या काकू म्हणतात नागीण आहे. घरच्यांना लागण होईल का? सगळ्याच गोळ्या थांबवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि आग होते. तुमचे फोड दोन्ही हातांवर, तेही ऊन लागते तिथेच आहेत. नॅप्रोक्सेन घेणाऱ्या काहींची त्वचा उन्हाने अशी नाजूक होते. याला स्यूडोपॉर्फिरिया म्हणतात. तसे असेल तर लागण होत नाही. मुलांना खुशाल जवळ घ्या.

मेथोट्रेक्सेट मनाने बंद करू नका, सांधे त्याच्यावर टिकून आहेत. नॅप्रोक्सेन मात्र केवळ वेदनाशामक आहे. डॉक्टरांना आजच फोन करून ते थांबवा, दुसरे वेदनाशामक विचारून घ्या. त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवा; असेच फोड आणणारा पॉर्फिरिया नाही ना, हे रक्त-लघवीच्या तपासणीतून कळते.

फोड फोडू नका. पूर्ण बाह्या घाला, सनस्क्रीन लावा. खिडकीच्या काचेतूनही उन्हातले त्रासदायक किरण येतात. गोळी थांबल्यावरही त्वचा सावरायला काही आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून धीर सोडू नका.

ताप आला, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या, फोड अंगभर पसरले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.