म्हाताऱ्या कुत्र्याची पाठ

आमच्या वस्तीवर मोती नावाचा कुत्रा होता. दहा वर्षे त्याने आमचे खळे राखले. एका थंडीत तो बदलला. सकाळी लवकर उठेना. उठला तर मागचे पाय ताठ. एका उडीत ओट्यावर चढणारा मोती पायरीशीच उभा राही.

आम्ही म्हणालो, "मोती आळशी झाला." कुणी त्याला काठीने ढोसले. कुणी म्हणाले, "लांब रानात सोडून या."

शेवटी आम्ही त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एक्स-रे काढला. मग म्हणाले, "अहो, हा आळस नव्हे. याच्या मणक्यांवर हाड वाढलंय."

हे हाड का वाढते? कुत्र्याच्या मानेपासून कमरेपर्यंत २७ मणके असतात. बहुतेक मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. तिच्यामुळे पाठ वाकते, हादरा बसत नाही. वय झाले की गादी झिजते. मग मणक्यांच्या कडेला नवे हाड धरते. ते चोचीसारखे पुढे येते. कधी दोन चोची जुळून पूलच होतो. तिथे पाठ वाकेनाशी होते. पुष्कळ कुत्र्यांना याचा त्रास होत नाही. काहींना मात्र दुखते.

वाढलेले हाड औषधाने जात नाही. पण दुखणे कमी करता येते. त्यासाठी एवढे करावे :

१. निजायला कोरडी, उबदार जागा द्यावी. खाली गोणपाटाची जाड घडी घालावी.
२. रोज थोडे थोडे चालवावे. उड्या मारू देऊ नयेत.
३. अंगाने जड होऊ देऊ नये.
४. माणसाची ताप-अंगदुखीची गोळी कधी देऊ नये. ती कुत्र्याच्या जिवावर बेतते. डॉक्टर देतील तेच औषध द्यावे.

पाय एकाएकी लुळे पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लाळ गळत असेल, वागणे बदलले असेल, तर कुत्रा पिसाळलेला असू शकतो. त्याला हात लावू नये. डॉक्टरांना कळवावे.

मोती पुन्हा धावला नाही. पण आणखी दोन हिवाळे तो गोणपाटावर सुखाने निजला. रात्री परका माणूस आला की पडल्या जागेवरून भुंके. त्याची राखण चालूच होती. काठी उगारली, याची आम्हांला अजून लाज वाटते.

प्रश्न
१. मोती सकाळी लवकर का उठत नव्हता?
२. कुत्र्याला माणसाची गोळी का देऊ नये?