फॉरमॅट मारायच्या आधी

पोरी, आधी एक मनाशी पक्कं धर. स्क्रीन काळी पडली म्हणून लॅपटॉप गेला असं होत नाही. तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, फोटो, आईच्या औषधांच्या स्कॅन करून ठेवलेल्या पावत्या, सगळं बहुतेक वेळा डिस्कवर जसंच्या तसं असतं. खरा धोका असतो तो पुढच्या तासाभरात, कुणीतरी 'फॉरमॅट मारून बघूया' म्हणतं आणि आपण घाबरून मान डोलावतो तेव्हा. त्या क्षणी तू 'थांबा' म्हणावंस, एवढ्यासाठी हे सगळं सांगतेय.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारा आधार संपला. विंडोज ११ न चालणारे किती तरी चांगले लॅपटॉप घराघरांत आहेत. तुझ्यासारखी मुलं त्यांवर उबुंटू नाहीतर मिंट असं लिनक्स टाकतात, आणि योग्यच करतात. फक्त लिनक्स अडलं तर कुणाला विचारायचं, हे आपल्याकडं पटकन कळत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानदारापुढं दहा लॅपटॉप पडलेले असतात, त्याला सगळ्यात जवळची वाट फॉरमॅटची. त्याच्यावर रागावू नकोस, पण तुझा लॅपटॉप कुठं अडलाय ते तुला ठाऊक असू दे.

लॅपटॉप सुरू होताना कामं ओळीनं होतात. मदरबोर्डवरचा यूईएफआय हा छोटा प्रोग्राम डिस्क शोधतो. तो ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला उठवतो, ग्रब लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला उठवतो, कर्नल मुख्य पार्टिशन जोडून घेतो. लॉगिनची खिडकी येते ती सगळ्यात शेवटी, ग्राफिक्सच्या जोरावर. म्हणून गाडी कुठल्या टप्प्यावर थांबली ते बघायचं. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर यूईएफआयलाच काही सापडलेलं नाही. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर ग्रब जागा आहे, पण त्याला त्याच्या फाइली मिळत नाहीत. 'इनिटरॅमएफएस' असं लिहून कर्सर थांबला तर कर्नल चालू झालंय, पण मुख्य पार्टिशन जोडता येत नाही. आणि कंपनीचा लोगो दिसून मग नुसता काळोख झाला, तर संशय ग्राफिक्सवर घ्यायचा.

काळोख झाला की आधी कॅप्स लॉक दाबून बघ. दिवा लागतोय, विझतोय? मग आत जीव आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं तर मोकळा श्वास घे. नाव टाक, पासवर्ड टाक. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. आत गेलीस म्हणजे डिस्क वाचता येतेय, अडचण बहुधा चित्राची आहे.

चित्राची अडचण बहुतेकदा एनव्हिडिआच्या कार्डापाशी येते. अशा लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडीचं आणि दुसरं एनव्हिडिआचं. लिनक्समध्ये मुळातच येणारा नूवो हा ड्रायव्हर जगभरातल्या लोकांनी कार्डाचं वागणं बघून, उलगडून लिहिलाय, कारण एनव्हिडिआनं वर्षानुवर्षं आपली माहिती उघड केली नाही. कर्नलमध्ये बसणारा आपल्या ड्रायव्हरचा भाग त्यांनी खुला केला तो थेट मे २०२२मध्ये, आणि तोही नव्या कार्डांपुरता. त्यामुळं तुझा लॅपटॉप अडला तर 'मलाच जमत नाही' असं मनात आणू नकोस. भले भले इथं अडलेत.

करायचं काय? लॅपटॉप सुरू होताना लोगो दिसला की एस्केप दाब, ग्रबची यादी येईल. पहिल्या ओळीवर राहून ई दाब. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ शोध. तिच्या शेवटी एक जागा सोडून नो, मोड, सेट हे तीन इंग्रजी शब्द लहान अक्षरांत, एकमेकांना चिकटवून लिही आणि एफ१० दाब. यानं कर्नल कार्डाशी झटापट न करता साध्या चित्रावर काम चालवतं. अक्षरं मोठी दिसतील, सगळं संथ वाटेल, पण आत पोचशील. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळं काही बिघडेल ही भीती नको. आत पोचल्यावर उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघड. ज्यापुढं 'टेस्टेड' किंवा 'रेकमेंडेड' लिहिलंय तोच ड्रायव्हर निवड. एनव्हिडिआच्या साइटवरून फाइल उतरवून हातानं बसवू नकोस, असं मी ठामपणे सांगेन. कर्नलचं पुढचं अपडेट आलं की असा ड्रायव्हर बऱ्याचदा मोडतो.

इथं एक निळी स्क्रीन फसवते. यूईएफआयमधली सिक्युअर बूट ही सुरक्षा चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना अनेकदा एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. व्हायरस समजून पोरं घाईनं पुढं जातात आणि बसवलेला ड्रायव्हर चालूच होत नाही. त्या पडद्यावर 'एनरोल मोक' निवडून ठरवलेला पासवर्ड द्यायचा. सिक्युअर बूट बंद करायचा मोह झाला, तर शेजारी बिटलॉकरनं (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) बंद केलेलं विंडोज आहे का ते आधी बघ. असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवल्याशिवाय हात लावू नकोस.

कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, तर ग्रबमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल निवड. बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम सुरू होतं आणि प्रोजेक्ट जमा करून मग निवांत दुरुस्ती करता येते. पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा पासवर्डच मागत असेल, तर डिस्क काठोकाठ भरली असण्याची शक्यता मोठी. अक्षरांच्या पडद्यावर जाऊन 'डीएफ' ही कमांड दे, किती जागा उरलीय ते कळेल.

आता डिस्क. आपल्याकडं जुलैत वीज कशी ये-जा करते ते मी तुला सांगायला नको. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, सगळं वायरवर चाललेलं असतं. अपडेट चालू असताना वीज गेली की फाइलींची मांडणी विस्कटू शकते आणि 'इनिटरॅमएफएस'चा पडदा येतो. तो बहुतेकदा स्वतःच सांगतो की 'एफएससीके' ही दुरुस्तीची कमांड चालवा, कुठल्या पार्टिशनवर तेही सांगतो. पण ती चालवायच्या आधी डिस्क तब्येतीनं बरी आहे का बघ. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल तर दुरुस्ती करायची नाही, आधी डेटा काढायचा. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालवली तर ती वाटेतच जाऊ शकते. एसएसडी तर आवाजही करत नाही.

म्हणून ८ जीबीचा किंवा मोठा पेन ड्राइव्ह उबुंटू टाकून तयार ठेव. त्यावरून लॅपटॉप सुरू कर, 'ट्राय उबुंटू' निवड, 'इन्स्टॉल'ला हात नको. 'फाइल्स'मध्ये तुझी डिस्क दिसेल, हवं ते बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. मग 'डिस्क्स' उघडून स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची माहिती वाच. 'रीॲलोकेटेड' किंवा 'पेंडिंग सेक्टर'चा आकडा वाढत चाललाय असं दिसलं तर नव्या एसएसडीचे पैसे बाजूला काढ. डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये, म्हणजे यूईएफआयच्या सेटिंगमध्ये, डिस्कची पद्धत आरएसटी आहे की एएचसीआय ते बघ. इंटेलच्या किती तरी लॅपटॉपांत ती आरएसटीवर असते आणि मग लिनक्सला डिस्क दिसतच नाही. आणि विंडोज शेजारी असेल, त्याच्या अपडेटनंतर लिनक्स गायब झालं, तर बहुधा बूटचा क्रम तेवढा बदललेला असतो. बायोसमध्ये उबुंटू पहिल्या नंबरावर आण.

मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. आवर्जून बघ. तिथं कमांड लिहायची भीती मोडते.

डेटाची एक प्रत घराबाहेर ठेव. २०१९ आणि २०२१च्या पुरात पंचगंगा कुठवर आली ते तू पाहिलंयस. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात, तीही तळमजल्यावर, असं करू नकोस. मामाकडं गडहिंग्लजला एक प्रत दे, महिन्या-दोन महिन्यांनी बदलत जा.

आणि शेवटी दुकानात न्यायची वेळ आलीच, तर पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचा फोटो काढून ने. 'डेटा काढलाय' किंवा 'डेटा काढलेला नाही, पुसायचा नाही' हे पावतीवर लिहून घे. बिलाआधी विचार की डिस्क बदलणार आहात का. बदलली, तर जुनी डिस्क मागून घे. ती तुझी आहे, आणि तिच्यावरचं सगळंही.