घराण्यात साखर आहे? मग हे वाचाच

आजी, वडील, दोन काका, सगळ्यांना मधुमेह. चाळिशीनंतर मलाही निघाला. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतःवर करून पाहून जे पटलं, ते इथे मांडतो.

१. जनुक असणं वेगळं, त्याचं काम चालणं वेगळं.
शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. पण स्वादुपिंडात काही कामाला लागतात, स्नायूंत दुसरीच. शिवाय हे काम पंख्याच्या रेग्युलेटरसारखं कमी-जास्त होतं. आहार, हालचाल, वय, आईच्या पोटातलं पोषण, सगळ्यांचा त्यावर हात असतो.

२. एकाच जनुकाला दोष देऊ नका.
आइसलँडच्या संशोधकांनी २००६ मध्ये टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध दाखवला. त्याच्या एका प्रकारामुळे इन्शुलिन पुरेसं स्रवत नाही. पण अशी जनुकं शेकडो आहेत आणि बहुतेकांचा वाटा अगदी थोडा. महागड्या जनुक चाचणीआधी घरात कुणाकुणाला साखर होती ते लिहून काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

३. शरीर हललं की जनुकंही जागी होतात.
पीजीसी-१ अल्फा हे जनुक स्नायूंच्या पेशींतली ऊर्जाकेंद्रं सांभाळतं. मधुमेह्यांच्या स्नायूंत ते मंदावलेलं असतं, असं २००३ च्या संशोधनात दिसलं. मधुमेह नसलेल्या, पण घराण्यात तो असलेल्यांतही तेच आढळलं. व्यायामाने त्याचं काम वाढतं. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, हा फायदा वेगळाच. दुपारी वरणभात-पोळी खाऊन लगेच आडवा झालो, तर दोन तासांनी माझा ग्लुकोमीटर १९० च्या पुढे जातो. तेच जेवून वीस मिनिटं चाललो, तर १५० च्या आसपास राहतो.

४. काडीसारखे आहात म्हणून निर्धास्त राहू नका.
पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाने लहान होती, स्नायू कमी होते, पण त्या मानाने चरबी टिकून होती. हाच बांधा पुढे मधुमेहाला वाट करून देतो. वजनाच्या काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा.

५. काळजी पाळण्याच्याही आधीपासून.
१९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या सापडल्या. पुण्याच्या अभ्यासातही, गरोदरपणात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला प्रतिरोध अधिक दिसला. घरातल्या मुलींच्या ताटाकडे लग्नाआधीपासून लक्ष द्या.

६. वारसा म्हणजे शिक्षा नव्हे.
अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन थोडं घटवलं, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम केला आणि मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. टीसीएफ७एल२ चा जोखमीचा प्रकार असलेल्यांनाही त्याचा लाभ झाला.

जनुकं बदलता येत नाहीत. त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे बरंचसं आपल्या हातात आहे. म्हणून कळकळीची विनंती: घराण्यात साखर असेल तर तिशीतच उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासा. आणि रात्री जेवल्यावर सगळ्या घरानेच एक फेरी मारून या.