माइक घे, पण आधी घसा दाखव

मिरज

चि. छकुलीस,


काल रात्री दादाचा फोन आला, तेव्हापासून तुझ्या आत्याचं कशात लक्ष लागेना. गणपतीत तुझा आवाज बसला तो अजून उठलेला नाही म्हणे. सकाळी शब्द फुटत नाही, घरात कुजबुजत बोलतेस, आणि तरी नवरात्राच्या तारखा घेऊन बसली आहेस. वर आणखी हप्त्यांवर भारी कंडेन्सर माइक घ्यायला निघाली आहेस. ऑर्केस्ट्रातल्या कुणीतरी सांगितलं, माइक चांगला असला की घशाला ताण पडत नाही. आणि तू ते खरं मानलंस.

छकुली, आवाज बसून नेमके किती दिवस झाले? दादाला ते धड सांगता आलं नाही.

घोगरेपणा तीन आठवड्यांच्या पुढे गेला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र बघून घ्यायलाच हवं. बारीक दुर्बिणीतून स्वरतंतू दिसतात, थोड्या मिनिटांचं काम असतं. तंतूंवर नुसती सूज आहे की गाठी धरल्यात, हे त्याशिवाय कळत नाही. वहिनी ज्येष्ठमध देते आहे, देऊ दे. पण ज्येष्ठमधाने गाठ विरघळत नाही. आणि कुजबुजणं म्हणजे घशाला विश्रांती, हा समज काढून टाक. जोर लावून कुजबुजण्यानेही स्वरयंत्राला ताण पडतोच. गप्प राहणं हीच विश्रांती.

आता माइकचं. तुला सांगणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक. गाणाऱ्याला ओरडावं लागू नये, हे माइकमुळेच शक्य झालं. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या तेव्हा माइक नव्हताच. तोंडासमोर कर्णा, आणि सुईला ढकलायचं ते आवाजाच्या जोरानेच. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि हलक्या, नाजूक गळ्यांना न्याय मिळू लागला. आपल्या मिरजेत उरुसात ज्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज तसाच नाजूक होता. १९३० नंतरच्या त्यांच्या तबकड्यांमध्ये बारीकसारीक श्रुतीसुद्धा ऐकू येते. जोर न लावता माणसांपर्यंत पोचता येतं, ते माइकमुळे. तू मात्र हातात माइक धरून ओरडते आहेस, ही आत्याची खरी काळजी.

तू निवडलेला कंडेन्सर माइक वाईट नाही, तुझ्या जागेला तो चुकीचा आहे. त्यात विद्युतभार असलेला एक पातळ पडदा आणि त्यामागे स्थिर पट्टी असते, आणि त्याला मिक्सरमधून बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो श्वासही टिपतो. शांत सभागृहात, शास्त्रीय बैठकीत ते सोनं आहे. हातात धरून मंचावर गाण्यासाठी नॉयमनचा केएमएस १०५ सारखे उत्तम कंडेन्सर मुद्दाम बनवलेलेही आहेत. पण तुझ्या मागे ढोलकी, शेजारी ऑक्टोपॅड, समोर मंडपाचे स्पीकर. तू निवडलेला स्टुडिओतला माइक ते सगळंच ओढणार. मग शिट्टी सुटते, साउंडवाला तुझा आवाज खाली घेतो, तुला स्वतःचं गाणं ऐकू येईनासं होतं आणि तू घसा ताणतेस. ज्या दुखण्यावर इलाज म्हणून माइक आणायचा, ते दुखणंच त्याने वाढायचं.

तुला हवा तो साधा वायरचा डायनॅमिक माइक. आत पडदा, पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, गुंडाळी चुंबकाभोवती हलते, वीज तयार होते. सेल नको, फ्रिक्वेन्सीची भांडणं नकोत. वायरलेसच्या पैशांतला मोठा भाग ट्रान्समीटर आणि रिसीव्हर खातात; वायरच्या माइकमध्ये तोच पैसा सरळ कॅप्सूलला लागतो.

आतोबांच्या दुकानाच्या माळ्यावर लहानपणी तू ज्या काळपट माइकवर बातम्या वाचायचीस, तो शूअरचा एसएम ५८ याच जातीचा. हा माइक १९६६ मध्ये निघाला. नावातलं ‘एसएम’ म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. पण स्टुडिओंनी त्याला फारसं उचललं नाही, गाण्याच्या मंचांनी उचललं. वजन २९८ ग्रॅम, ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज घेतो, आणि जाळीच्या आत फोम असतो तो श्वासाचा फटकारा अडवायला. खोक्यावर ‘२० ते २०,०००’ छापलेला स्वस्त माइक दिसला म्हणून भुलू नकोस. तुझ्या आवाजातला शब्द कळतो तो मधल्या पट्ट्यात; खालचा तो जादा भाग मंडपात पायांची धमधम आणि पंख्याची घरघर तेवढी आणतो.

दुसरा विचार करण्यासारखा सेनहायझरचा ई ८३५. तो थोडा उजळ वाजतो. तुझा आवाज मुळात बारीक आणि टोकदार, त्याला ५८ भरीव करेल असा आतोबांचा अंदाज आहे. पण अंदाजावर घ्यायचं नाही. दुकानात दोन्ही माइक एकाच स्पीकरवर, सगळी बटणं मधोमध ठेवून लावायला सांग. एकच ओळ हलकी गा, मग भरून गा, मग निवेदनाची चार वाक्यं बोल. डोळे मिटून ऐकणारं माणूस सोबत ने. कोणता माइक भारी वाटतो ते बघत बसू नकोस. कोणत्या माइकवर तुला कमी जोर लावावा लागला, ते बघ.

दोन्ही माइकांचं ऐकण्याचं क्षेत्र पिंपळपानासारखं असतं, इंग्रजीत ज्याला कार्डिऑइड म्हणतात. समोरचं जास्त ऐकायचं, बाजूचं कमी, आणि देठाकडच्या खळग्यातलं जवळजवळ नाहीच. म्हणून मॉनिटर स्पीकर तुझ्या पुढ्यात, माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवतात. बीटा ५८ए सारखे सुपरकार्डिऑइड माइक बाजूचं आणखी कापतात, पण थोडं मागचं ऐकतात. त्यांना मॉनिटर सरळ मागे न ठेवता दोन बाजूंना तिरका ठेवावा लागतो. तू मंचभर फिरतेस, मंडप रोज नवा, साउंडवाला रोज नवा. तुला पिंपळपानच बरं.

तुझ्या गाण्याच्या व्हिडिओत तू जाळीला मूठ घालून गाताना दिसलीस. ते आजपासून बंद. जाळीच्या खालच्या बाजूने कॅप्सूलच्या पाठीकडे हवा जायला वाट असते आणि तिच्यावरच माइकची दिशा ठरते. मुठीने ती वाट बुजली की माइक चहूकडचं ऐकू लागतो, आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि शिट्टी सुटते. मग पुन्हा तेच. साउंड खाली, घसा वर.

अंतराचंही तसंच. माइक दुप्पट लांब गेला की आवाज सहा डेसिबलने उतरतो. तीन सेंटिमीटरवरचा सहावर नेलास तरी इतका फरक पडतो. हलक्या जागा ओठांच्या दोन बोटं अंतरावर गायच्या, तार सप्तकात हात थोडा मागे न्यायचा. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो. निवेदनात तो भारदस्त वाटतो, पण गाण्यात शब्द खातो. बोलताना माइक हनुवटीपाशी, किंचित तिरका, वीतभराच्या आत धर. ‘भ’, ‘फ’, ‘ठ’, ‘ध’ हे आपले महाप्राण समोरून गेले की पडद्यावर धाड पडते, आणि अभंगात तर विठ्ठल, भाव, धाव पावलोपावली. माइक तोंडाच्या रेषेतून जरा बाजूला ठेवला की वारा निसटतो, शब्द मात्र राहतो. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या गाण्यात लतादीदींनी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत येऊन दूरवरून येणारा आवाज उभा केला. अंतर हेसुद्धा गाण्याचंच अंग आहे, तेही रियाजात घ्यायला हवं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते आहे तुझी आत्या, पण विसरू नकोस. गाण्यासाठी बटण नसलेला माइक घे; ऐन सुरावर अंगठा लागून बंद पडण्याची भीती नको. निवेदनात बटणाची सोय वाटते, पण ते काम मिक्सरवाला करू शकतो. केबल दोन्हीकडे तीन पिनांची एक्सएलआर हवी. तिच्यातल्या दोन तारांवर सारखीच आलेली घरघर मिक्सरमध्ये एकमेकींना खोडते, म्हणून लांब वायरीतही आवाज स्वच्छ राहतो. काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरना जाड जॅकच लागतो. त्या वायरी लांबल्या की गुणगुणतात. स्वतःचा माइक स्वतःजवळच ठेव, जाळी काढून सौम्य साबणाने धू आणि पूर्ण वाळल्यावरच बसव. टिचक्या मारून, फुंकर घालून माइक तपासायचा नाही. ५८ च्या नकला बाजारात भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊनच घे. निम्म्या किमतीत मिळतोय म्हणजे तो ५८ नव्हेच.

आणि इतकं सगळं नीट केलंस, तरी मॉनिटर नसला तर पाणी पालथ्या घड्यावर. भोवती गोंगाट असला आणि स्वतःचं बोलणं ऐकू येईना, की माणूस नकळत आवाज चढवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एतियेन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने हे दाखवून दिलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. आपण ठरवून तसं करत नाही, ते आपोआप होतं. मंडपात तुझं तेच होतंय. जगातला कुठलाही माइक हातात दे, समोरच्या छोट्या स्पीकरमधून तुझाच आवाज तुला ऐकू आला नाही तर घसा ताणला जाणारच. साउंडवाल्याकडे मागायचं ते हेच: ‘दादा, माझा आवाज मला द्या.’ लाजायचं नाही. मानधनाच्या आधी हे ठरवायचं.

लाजायचं नाही, असं आत्या का म्हणते ते दादाने तुला कधी सांगितलं नसेल. लग्नाआधी तीही मेळ्यांत गायची. मंचावर एकच माइक, त्यात पेटी, तबला, गाणारे सगळे. कर्णे झाडांवर, रस्त्याकडे तोंड करून. गाणाऱ्यांना काही ऐकू यायचं नाही. पट्टी पुरुष गायकाच्या सोयीची, आणि मुलीने काही मागायची पद्धत नव्हती. एका हंगामात आवाज बसला. लोक म्हणाले, कार्यक्रमांमुळे बसलाय, आपोआप उठेल. सांगली आकाशवाणीच्या स्वरपरीक्षेचं पत्र आलं तेव्हा तिच्या गळ्यातून षड्जही स्थिर निघत नव्हता. ते पत्र परत आलं नाही, आणि वरच्या पट्टीतला तो आवाजही नाही. आज देवघरात ती गुणगुणते, पण मध्यमाच्या पुढे जात नाही. कुणी विचारलं तर वय झालं म्हणते.

नंतर एका कार्यक्रमात समूहात मागे उभी असताना एका साउंडवाल्याने, कुणी न सांगता, एक लहान पेटीस्पीकर उचलून तिच्याकडे तोंड करून ठेवला. स्वतःचा आवाज तिने पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. तो साउंडवाला म्हणजे तुझे आतोबा. पण तोवर उशीर झाला होता, छकुली. तुझ्या बाबतीत तो झालेला नाही.

म्हणून विचारते ती पुन्हा, किती दिवस झाले? आणि गिळताना दुखतं का?

रागावून लिहिलं असेल, मनाला लावून घेऊ नकोस. तू मेहनती आहेस, घरात पैसे देतेस, धाकट्याची फी भरतेस, हे आत्याला ठाऊक आहे. नवरात्राच्या तारखा सोडल्या तर लोक नावं ठेवतील, दुसरी गायिका जागा घेईल, ही भीतीही तिला कळते. आयोजकांशी दादाला बोलू दे. आगाऊ घेतलेली रक्कम परत करायची असेल तर आतोबा बघतील, त्याची चिंता करू नकोस.

गुरुवारी आत्या पुण्याला येते आहे. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ वहिनीने घेतली आहे. दुर्बीण घालताना हात धरायला ती बसेल. डॉक्टर गा म्हणाले, की आपण तिघी तपकीर गल्लीत जाऊ आणि हवे तेवढे माइक ऐकू. हप्ते नकोत. अर्धे पैसे आत्याचे, आणि ते परत करायचे नाहीत. डॉक्टर सहा महिने थांब म्हणाले, तर थांबायचं. तू गायलीस तर आम्हाला आनंदच. नाही गायलीस तरी तू आमची छकुलीच.

दिवाळीला इकडे ये. कुणी ‘म्हणून दाखव’ म्हणणार नाही, आतोबांनी सगळ्यांना बजावलंय. तुझ्या वाटणीचं भडंग यंदा बिनतिखटाचं होईल. आणि हे पत्र मिळालं की फोन करू नकोस, बोलावं लागेल. नुसता मेसेज टाक.

तुझी,
आत्या